अठ्ठावीस दिवस आणि पंधरा मिनिटं

आमच्या महाविद्यालयात एक हेडक्लार्क होते, आता निवृत्त झाले. प्रत्येक प्राध्यापकाची ड्यू डेट, म्हणजे बढतीची तारीख, त्यांना तोंडपाठ. आपल्या लग्नाची तारीख आपण विसरू, पण आपली ड्यू डेट ते विसरायचे नाहीत. २०१५ च्या दिवाळीनंतर पगारपत्रकावर सही करायला गेलो, तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "सर, तुमचं ओसी राहिलंय. जुलै दोन हजार अठराला सहा वर्षं भरतेत. ओसी नाही, आरसी नाही. मग फाईल काय नुसती फोटो लावून पाठवू का?"

ओसी म्हणजे ओरिएंटेशन कोर्स, आरसी म्हणजे रिफ्रेशर कोर्स. ही दोन अक्षरं कॉलेजच्या मास्तराच्या आयुष्यात फार मोठी असतात. सेट-नेट या पात्रता परीक्षांवर लागलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिली बढती मिळते सहा वर्षांनी, पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी. सरकारी भाषेत ती कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम), आमच्या बोलण्यात 'प्लेसमेंट'. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार त्यासाठी हे कोर्स करावे लागतात. तेव्हा ओसी २८ दिवसांचा होता आणि आरसी २१ दिवसांचा. म्हणजे आमच्याकडे प्रशिक्षणाची आठवण येते ती बढतीच्या तारखेवरून उलटं मोजत येताना. शिकवायला सुरुवात करताना ती कुणालाच येत नाही.

मी भूगोल शिकवतो, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. २००७ ते २०१२ तासिका तत्त्वावर होतो, जुलै २०१२ मध्ये कायम झालो. मुलाखतीत मला दोन प्रश्न विचारले: पीएच.डी. कधी करणार, आणि आपल्या भागात सोयाबीन का वाढलं. हातात खडू काही कुणी दिला नाही. पहिलीच्या पोराला मुळाक्षरं शिकवायची तर डी.एड. लागतं, दहावीला शिकवायचं तर बी.एड. लागतं, पदवीच्या वर्गाला शिकवायला मात्र पदव्युत्तर पदवी आणि सेट पुरते. सेटच्या पहिल्या पेपरात 'अध्यापन अभियोग्यता' असते, नाही असं नाही. त्यात चांगला शिक्षक कसा असावा ते चार पर्यायांतून निवडायचं असतं. मी निवडलं होतं. बरोबरच आलं असणार, पास झालो ना.

मग मी शिकवत कसा होतो? माझ्या सरांनी मला जसं शिकवलं तसं. त्यांनी लिहून दिलेल्या नोट्स मी लिहून देत होतो. त्यांचा एक विनोद होता, मोसमी वाऱ्यांवरचा. तोसुद्धा मी जसाच्या तसा, त्याच जागी करत होतो. मुलं हसायची. का हसायची हे मी कधी तपासलं नाही.

अर्ज भरला, ना हरकत पत्र मागितलं. प्राचार्य म्हणाले, "जा, पण अठ्ठावीस दिवस तुमचे तास?" भूगोलात आम्ही कायम असे दोघंच. तिसऱ्या एक मॅडम, तासिका तत्त्वावर. सेट झालेल्या, शिकवायला चोख. माझे सगळे तास आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस त्यांच्याकडे गेल्या. त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. मी येताना अर्धा किलो चिवडा आणला. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगानं १९८७ मध्ये देशभरात ४८ अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, अमरावती ही आपल्याकडची केंद्रं याच योजनेतली. पुढं त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झालंय. जुनी माणसं अजूनही 'स्टाफ कॉलेजला गेलोतो' असंच म्हणतात. मी गेलो त्या केंद्राचं नाव घेत नाही. माझ्या तक्रारी थोड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा गिझरबद्दलच्या आहेत.

जानेवारी २०१६. एका खोलीत तिघं. माझ्या खोलीत कोकणातले एक मराठीचे प्राध्यापक आणि विदर्भातले फिजिक्सचे एक सर. बॅचमध्ये चाळीसेक जण: कॉमर्स, झूलॉजी, इतिहास, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण, सगळे एकत्र. ओरिएंटेशनचं हेच वैशिष्ट्य, सगळ्या विषयांची खिचडी. पहिल्या आठवड्यात मला तो वेळेचा अपव्यय वाटला. भूगोलवाल्यानं झूलॉजीवाल्याशेजारी बसून काय शिकायचं?

दिवसाला सहा तास. चोवीस दिवस कामाचे, एकशे चव्वेचाळीस तास भरलेच पाहिजेत. सह्यांचा कागद दिवसातून चारदा फिरायचा. आपल्या वर्गात पंचाहत्तर टक्के हजेरीवरून पोरांना दम देणारे आम्ही, दुसऱ्याच दिवशी जेवणानंतर 'माझी पण कर रे' म्हणायला लागलो. माणूस विद्यार्थी झाला की लगेच विद्यार्थी होतो.

व्याख्यानं कशी होती? एक निवृत्त अधिकारी आले, त्यांनी तीन तास आपलं चरित्र सांगितलं. एकांची पीपीटी ११८ स्लाइडची, वाचून दाखवली. ताणतणाव व्यवस्थापन तीन वेळा झालं, तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून. तिसरे तज्ज्ञ बस चुकल्यामुळं उशिरा आले आणि आल्याआल्या चहावरून शिपायावर ओरडले. माहितीचा अधिकार, योगासनं, आपत्ती व्यवस्थापन, बौद्धिक संपदा, ग्रंथालयातले डेटाबेस. प्रत्येक विषय आपापल्या जागी बरा. पण हे सगळं कुणी, कशावरून ठरवलं? आम्ही अर्जात नाव, जात प्रवर्ग, मान्यता पत्राचा क्रमांक, ड्यू डेट सगळं लिहिलं होतं. तुम्हाला वर्गात काय जमत नाही, असा रकाना त्या चार पानी अर्जात नव्हता. शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय फॉर्ममध्ये जेवणाची चव, निवासाची सोय आणि साधनव्यक्तींचा दर्जा यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. गिझरचं मी तिथंच लिहिलं.

तरी दोन गोष्टी घडल्या. पहिली लहान. शिक्षणशास्त्राच्या एक बाई आल्या. त्यांनी आम्हाला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, की तुम्ही काढलेली एक प्रश्नपत्रिका सोबत आणा किंवा आठवून लिहा. मग फळ्यावर सहा पायऱ्या काढल्या. ब्लूम यांची वर्गवारी, १९५६ ची: आठवणं, समजणं, वापरणं, असं वर वर चढत जाणारी. आणि म्हणाल्या, आपापला प्रश्न कुठल्या पायरीवर बसतो ते स्वतःच लिहा. माझे दहापैकी नऊ प्रश्न तळाच्या पायरीवर. 'टीपा लिहा', 'वैशिष्ट्ये सांगा', 'कारणे स्पष्ट करा', आणि ती कारणंही मीच लिहून दिलेली. दहावा प्रश्न नकाशा भरण्याचा, तो वर चढेल असं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "नकाशा पाठ केलेला असेल तर तोही तळालाच." कोकणातल्या सरांचे दहाच्या दहा तळाला. ते म्हणाले, "आमच्याकडे पायऱ्या नाहीतच, सपाटी आहे."

दुसरी गोष्ट मायक्रोटीचिंगची.

ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातली, १९६० च्या दशकातली. लहानसा पाठ, लहानसा वर्ग, थोडी मिनिटं. बघणारे मागून बोलतात, आणि जमलं नाही तर पाठ पुन्हा घ्यायचा. बी.एड.वाल्यांना ती घरची, आमच्यातल्या बहुतेकांना नवी. आम्हाला प्रत्येकी पंधरा मिनिटं होती: दहा शिकवायला, पाच इतरांच्या बोलण्याला. कॅमेरा लावलेला. आपण पुढं उभे राहून कसे दिसतो ते नंतर बघायचं. अनेकांना त्याचीच धास्ती. झूलॉजीच्या मॅडम आदल्या रात्री साडी इस्त्री करत होत्या, एवढं सांगितलं की पुरे.

मी समोच्च रेषा घेतल्या. हुकमी विषय. साडेआठ वर्षं शिकवत होतो, झोपेत सांगेन. समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी काल्पनिक रेषा म्हणजे समोच्च रेषा. फळ्यावर एकात एक पाच वेडीवाकडी वर्तुळं काढली. रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, लांब असतील तर मंद. नऊ मिनिटांत संपवलं. हात झाडले.

कोकणातल्या सरांनी हात वर केला. चेष्टा नाही, माणूस खरोखर विचारत होता. "सर, आमच्या घराच्या मागे डोंगर आहे. ही रेषा त्याच्यावर कुठून जाते?"

मी म्हणालो, "काल्पनिक असते ती."

"ते समजलं. पण कल्पना कोणी केली? म्हणजे मी डोंगर चढत गेलो, तर ती ओलांडताना मला कळेल काय?"

लोक हसले. मीही हसलो, पण उत्तर नव्हतं. तोवर कॉमर्सच्या एक मॅडम म्हणाल्या, "मधलं सगळ्यात लहान वर्तुळ म्हणजे शिखर असं तुम्ही म्हणालात. मला तर ते खड्ड्यासारखं वाटलं. विहीर वरून बघितली तर अशीच दिसेल की." बरोबर होतं. मी रेषांवर उंचीचे आकडेच लिहिले नव्हते, आणि आकड्यांशिवाय त्या चित्रातून टेकडी की खड्डा हे जगातल्या कुठल्याही भूगोलतज्ज्ञाला सांगता येणार नाही. फिजिक्सचे सर म्हणाले, "मी समजलो की घाटातला रस्ता आहे, वर वर गोल गोल जाणारा."

मी उत्तर द्यायला लागलो. त्यात समोच्च रेषांतर आलं, तलचिन्ह आलं, छेद आला. प्रत्येक शब्दागणिक समोरचे चेहरे आणखी कोरे. कोर्सच्या समन्वयक मॅडम मागं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, हे तीन प्रश्न तुमच्या वर्गात आजपर्यंत कुणी विचारले होते?"

"नाही."

"म्हणजे त्यांना कळत होतं?"

पुढचा नंबर पुकारला. पाच मिनिटं संपली होती.

रात्री झोप येईना. साडेआठ वर्षं, दरवर्षी पन्नास-साठ मुलं. ती सगळी मुलं परीक्षेत व्याख्या बिनचूक लिहीत होती, आणि त्यांतली किती जण त्या रेषेला घाटातला रस्ता समजत होती? मुलं विचारत नाहीत. विचारलं तर आपण मूर्ख ठरू हे त्यांना शाळेतच कळलेलं असतं. या चाळीस लोकांना ती भीती नव्हती, कारण ते आपापल्या गावी प्राध्यापक होते. खिचडी कशासाठी होती ते तेव्हा कळलं. भूगोल येणाऱ्या चाळीस जणांसमोर मी तोच पाठ घेतला असता, तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसमधून एक मोठा बटाटा आणि पातेलं आणलं. बटाटा अर्धा कापला, कापलेली बाजू खाली ठेवून पातेल्यात बसवला. थोडं पाणी ओतलं आणि पाणी जिथं बटाट्याला टेकलं तिथं स्केचपेननं रेघ ओढली. अजून बोटभर पाणी, अजून एक रेघ. असं चारदा. मग पाणी काढून टाकलं आणि कोकणातल्या सरांना म्हटलं, बरोब्बर वरून बघा. ते कॉटवर चढले, वाकले. "अहो, हे तर तुमचं कालचं फळ्यावरचं चित्र!" आणि लगेच पुढं: "म्हणजे डोंगराभोवती पाणी भरलं, तर काठ जिथं येईल ती रेषा. असं सांगा ना मग." बटाट्याचा प्रयोग काही माझा शोध नाही, शाळेतल्या हुशार मास्तरांना तो ठाऊक असतो. मला तो करायची गरज कधी वाटली नव्हती, एवढंच.

फेब्रुवारीत परत आलो. ते वर्ष दुष्काळाचं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. आमच्या गावाबाहेर एक पाझर तलाव आहे. मार्चमध्ये त्याच्या तळाशी डबकं उरलं होतं, आणि काठावर आटत गेलेल्या पाण्याचे पट्टे एकाखाली एक उमटले होते. रोज मोटारसायकलवरून तिथून जात होतो. त्या दिवशी गाडी थांबवली. पाणी जिथं थबकलं होतं, तिथं तिथं एकेक रेघ. मी बटाट्यावर काढल्या होत्या, इथं तलावानं स्वतःच काढून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या वर्षाची बॅच तिथं नेली. टोपोशीट (स्थलदर्शक नकाशा) नाही, व्याख्या नाही. एका पट्ट्यावरून चालत जा म्हटलं, फक्त पट्टा सोडायचा नाही. गेले. एक जण ओरडला, "सर, चढच लागत नाही!" दुसरा म्हणाला, इथं दसऱ्याला पाणी होतं, त्या खालच्या रेघेला दिवाळीला, आणि ह्या इथं संक्रांतीला, आमची म्हसरं इथंच पाण्यावर येतेत. रेषांना त्यानं आकड्यांऐवजी सण दिले. वरच्या बाजूला, जिथं काठ उभा होता, तिथं दसरा आणि संक्रांत हातभर अंतरावर होते. पलीकडं पसरट भागात त्यांच्यामध्ये बैलगाडी उभी राहिली असती. जवळ रेषा, तीव्र उतार. मी बोललोच नाही. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, जलयुक्तचे समतल चर खोदायला ती माणसं काठ्यांचा ए घेऊन फिरत होती, ती हीच रेघ शोधत होती का?" हीच. त्या वर्षी टोपोशीटच्या प्रॅक्टिकलला पहिल्यांदाच मला कुणी विचारलं नाही, की सर, ह्या तपकिरी रेषा किती काढायच्या.

आता हे सगळं प्लेसमेंटच्या फाईलमध्ये कुठं येतं? कुठंच नाही. २०१७ मध्ये रिफ्रेशर केला, भूगोलाचाच. सगळे आपल्याच विषयाचे, सगळ्यांनी मान डोलावली. जुलै २०१८ ला ड्यू डेट आली. त्याच महिन्यात आयोगाचे नवे नियम आले, मार्च २०१९ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला, सहा हजार-सात हजाराच्या ग्रेड पेची लेव्हल दहा-अकरा झाली, नमुने बदलले. मी फाईल तीनदा नव्यानं बांधली. नियुक्तीपत्र, मान्यता, सेवापुस्तकाचा उतारा, निकाल, प्रमाणपत्रं, सगळ्याच्या सत्यप्रती, तीन संच, अनुक्रमणिका, पानांवर क्रमांक. तेवढ्यात टाळेबंदी. समितीचा कॅम्प झाला तेव्हा २०२१ उजाडलं होतं. ओसीच्या प्रमाणपत्रावरच्या दोन तारखा बघून एका सदस्यांनी बोटांवर दिवस मोजले. अठ्ठावीस भरले. पुढं. वेतननिश्चिती होऊन फरक हातात पडायला आणखी बरेच महिने गेले, त्याची कथा वेगळी आणि सगळ्यांना माहीत असलेली.

टाळेबंदीत प्रमाणपत्रांचा पाऊस पडला. एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांत माझ्या ईमेलमध्ये ६१ प्रमाणपत्रं जमली. राष्ट्रीय वेबिनार, आंतरराष्ट्रीय वेबिनार (एक पाहुणा दुबईहून बोलला की झालं), पर्यावरण दिनाची प्रश्नमंजूषा, चाळीस टक्क्यांना पास. आमचे एक सहकारी दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप लावून एका वेळी तीन वेबिनार ऐकायचे, म्हणजे ऐकायचे नाहीत. वक्ता बोलत असायचा आणि चॅटमध्ये एकच मागणी: 'फीडबॅक लिंक टाका सर'. मीही टाकली आहे ती मागणी. पण त्याच दिवसांत क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मी हळूहळू शिकलो. ते फुकट आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे आहेत. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं. तीन रात्री तर आमच्या तालुक्याची हद्द नकाशावर आर्क्टिक महासागरात दिसत होती. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने मी उलटे भरले होते. हे शिकणं माझ्या रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. त्याचा कागद मी घेतला नाही. ड्यू डेट आधीच उलटून गेलेली, म्हणून हिशेब न करता शिकलो, असंही असेल.

मग मालवीय मिशन आलं, ५ सप्टेंबर २०२३ ला. नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा आठ दिवसांचा ऑनलाइन कार्यक्रम मी २०२४ मध्ये केला. आठ विषय: बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, नेतृत्व, समाज, संशोधन, कौशल्य, विद्यार्थ्यांमधली विविधता, तंत्रज्ञान. देशभरातून लोक. घरच्या टेबलावर बसून करता येतं आणि कुणा मॅडमवर आपले तास लादावे लागत नाहीत, हा फायदा मोठा आहे, नाकारत नाही. विविधतेवरचं एक सत्र खरंच चांगलं झालं. पण दीडशे चौकोनांमध्ये आपण एक चौकोन. तिथं कोकणातले सर हात वर करून 'ती रेषा कुठून जाते' असं विचारू शकले नसते. म्यूट होते सगळे.

त्याच वर्षी मला अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात घेतलं आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीत शिक्षकांच्या प्रशिक्षण गरजांचं सर्वेक्षण करायचं काम अंगावर आलं. हसू नका, मी अगदी तसाच फॉर्म काढला. आठ पर्याय, खूण करा. एकतीसपैकी सव्वीस जणांनी 'आयसीटी'वर, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानावर, खूण केली. का? कारण ती केली की कुणी पुढं विचारत नाही. कार्यशाळा होते, फोटो निघतो, अहवाल होतो. अहवाल झाला.

पण ते मनात राहिलं. एका शनिवारी स्टाफरूममध्ये कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, नाव लिहू नका. ह्या आठवड्यात वर्गात कुठं अडलात तेवढं लिहा. एकवीस चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या काही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

'पटावर नव्वद, वर्गात चौदा. शिकवायचं कुणाला धरून?' 'ऊसतोडीला गेलेली पोरं फेब्रुवारीनंतर येतात, तोवर तीन युनिट झालेली असतात. पुन्हा घेऊ तर बाकीचे कंटाळतात.' 'ओपन इलेक्टिव्हला सायन्सची मुलं इतिहासाला बसलीत. त्यांना शिवकालापासून सुरू करू की 'साधन म्हणजे काय' पासून?' 'प्रकल्प सगळे चॅटजीपीटीचे. कळतं, पण सिद्ध कसं करू?' 'पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी, पेपर मराठी, आणि मुलाखतीत पुन्हा इंग्रजी.' एक चिठ्ठी फक्त दोन शब्दांची होती: 'आवाज बसतो.' ही ज्यांची होती त्यांना मी अक्षरावरून ओळखलं. बावीस वर्षं झाली शिकवून, रोज चार तास, माईक नाही, शेजारी वाहता रस्ता. आवाज कसा लावायचा, घसा कसा जपायचा हे त्यांना आजवर कुणी दाखवलेलं नाही. ताणतणाव व्यवस्थापन मात्र त्यांचंही तीनदा झालंय.

यातल्या बहुतेक प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नाही, आणि आठवड्याच्या कार्यशाळेकडं असेल असंही वाटत नाही. ऊसतोडीच्या पोरांचा प्रश्न तर वर्गात सुटण्यातला नाहीच. पण पंधरा मिनिटांची युक्ती माझ्याकडं होती. शनिवारी शेवटच्या तासानंतर एकानं दहा मिनिटं शिकवायचं, दुसऱ्या विषयाच्या लोकांनी विद्यार्थी म्हणून बसायचं, पाच मिनिटं विचारायचं. कॅमेरा नाही, अहवाल नाही, वरिष्ठ कुणी बसायचं नाही. पहिल्या शनिवारी अकरा जण आले. नंतर परीक्षा, नंतर निवडणुकीचं काम, नंतर दिवाळी. आता पाच-सहा जण येतात. दोनदा कुणीच आलं नाही, मी वेफर्स खाऊन घरी गेलो.

पहिल्या शनिवारी कोण उभं राहणार यावर सगळे एकमेकांकडं बघत असताना, आमच्या विभागातल्या त्याच मॅडम उठल्या होत्या. अजून तासिका तत्त्वावरच आहेत. मधल्या काळात पीएच.डी. झाली, मुलाखती झाल्या, नेमणूक झाली नाही. त्यांना ड्यू डेट नाही, त्यामुळं कुठल्याही कोर्सला कुणी पाठवत नाही. हेडक्लार्कच्या वहीत त्यांचं पान नाही. आल्या त्या दोन पानं टाचण काढून. भरती-ओहोटी शिकवली. चंद्राच्या बाजूला भरती येते ते सांगितलं, विरुद्ध बाजूलाही येते ते सांगितलं, आकृती सुरेख काढली.

मी शेवटच्या बाकावर होतो. मला उत्तर माहीत होतं, पण आवाज बसलेले सर आधीच बोलले, घोगऱ्या आवाजात: "मॅडम, चंद्र इकडून ओढतो, मग तिकडचं पाणी का फुगतं? ते तर लांब आहे."

मॅडमनी खडू फळ्याजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "थांबा. मला हे पुन्हा सांगावं लागेल," आणि डस्टर घेऊन सगळी आकृती पुसली.